वाण नाही, पण गुण लागला

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईनं "तुम्ही काय करता?" असं विचारलं, की पूर्वी मी "लॅबमध्ये असते" एवढंच सांगून वरण-बट्टीकडे वळायचे. वय वाढलं तशी भीड चेपली आणि मी खरं सांगायला लागले, "लोकांच्या शी-शूतले जंतू वाढवते." बाई मग आपलं ताट हळूच पलीकडे ओढून घ्यायची. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. त्याच बाईच्या घरी कुणाला तापाची कणकण आली, की सकाळी सात वाजता तिचाच फोन यायचा हे मला ठाऊक असायचं.

धुळ्याला शिकले, तिथेच एका प्रयोगशाळेत कामाला लागले. लग्नानंतर जळगावला आले आणि एका खासगी लॅबमध्ये निवृत्तीपर्यंत राहिले. माझं चरित्र एवढ्यात संपतं. कामाचं मात्र तसं नाही.

काम तसं स्वयंपाकघराच्या जवळचं आहे. जेलीचा थर दिलेली एक चपटी बशी असते, तिला आम्ही प्लेट म्हणतो. तिच्यावर नमुना सारवायचा, अंगाएवढी ऊब असलेल्या पेटीत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी काय उगवलं ते बघायचं. मग उगवलेला जंतू दुसऱ्या प्लेटवर सारखा पसरायचा आणि वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवायच्या. ज्या चकतीभोवती मोकळं रिंगण राहतं, ते औषध चालतं. जंतू थेट चकतीला जाऊन भिडला, तर त्याच्यापुढे ते औषध म्हणजे नुसतं पाणी. रिपोर्टात चालणाऱ्या औषधापुढे एस लिहितात आणि न चालणाऱ्यापुढे आर.

जळगावातले एक कापडाचे व्यापारी एकदा लघवीचा रिपोर्ट घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. वरपासून खालपर्यंत आर. चेहरा अगदी खुललेला.

"मॅडम, सगळीकडे एकच अक्षर आलंय. म्हणजे फर्स्ट क्लास ना?"

"फर्स्ट क्लासच आहे शेटजी," मी म्हटलं, "पण तुमचा नाही, तुमच्या जंतूंचा."

ते आधी हसले, मग अर्थ कळल्यावर रिपोर्ट परत वरपासून वाचायला लागले. घसा धरला, पोट बिघडलं, कंबर धरली, काहीही झालं की गल्ल्याशेजारच्या खणातली एक गोळी चहाबरोबर घ्यायची ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत होती. पाव्हण्यांनाही तीच द्यायचे, अगदी आग्रहानं.

त्यांच्या लघवीत सापडलेला जंतू होता इ. कोलाय. तो आणि त्याचा भाऊबंद शोभेल असा क्लेबसिएला, दोघेही आपल्या आतड्यात राहतात. ते चोर नव्हेत, भाडेकरू आहेत. आपल्या खोलीत असले तर कुणाला त्रास नाही. लघवीच्या वाटेत किंवा रक्तात शिरले, की मग त्यांना बाहेर काढायला औषध लागतं. आणि त्या वेळी त्यांनी औषधाला दाद दिली नाही, तर माणूस जातो. इतकं सरळ आहे हे.

धुळ्याला ज्यांनी मला हे काम शिकवलं ते सर म्हणायचे, "पोरी, जंतूला अक्कल नसते, कृती असते." कृती म्हणजे स्वयंपाकाची असते तीच. जंतूच्या पोटात वंशाचा एक लांब धागा असतो. तो आईकडून लेकीला जातो. शिवाय काहींच्या पोटात एक लहानशी वेगळी वाटोळी कडी असते. तिला प्लाझ्मिड म्हणतात. औषध निकामी करायच्या कृती, म्हणजेच जनुकं, बऱ्याचदा या कडीवर असतात. एखादी कृती औषधाचे तुकडे पाडायची असते, एखादी आत शिरलेलं औषध बाहेर फेकायची. गंमत अशी, की ही कडी शेजारणीलाही देता येते. दोन जंतू एकमेकांना चिकटले, की एक आपल्या कडीची नक्कल करून दुसऱ्याला देतो. भरताची कृती शेजारणीला सांगितली म्हणून आपण ती विसरत नाही, तसंच. शेजारीण आपल्या कुळातली असायला हवी असंही नाही. आणि एका कडीवर चार-पाच औषधांच्या कृती एकत्र असल्या, तर त्यांतलं एकच औषध उगाच घेतलं तरी पाचही कृती जपल्या जातात. शेटजींच्या गल्ल्याशेजारची गोळी नेमकं हेच करत होती.

हे सगळं मला पुस्तकातून पाठ होतं. त्याचा खरा उपयोग एका उन्हाळ्यात झाला, आणि आयुष्यभराच्या नोकरीतून मला एकच प्रकरण सांगायला सांगितलं तर मी तेच सांगेन.

जळगावात लहान बाळांचं एक रुग्णालय होतं. नाव सांगत नाही, आणि तिथल्या डॉक्टरांचंही नको. आपण त्यांना डॉक्टरच म्हणू. माणूस मनापासून काम करणारा. मुदतीआधी जन्मलेली, मुठीएवढ्या तोंडाची बाळं त्यांच्याकडे काचपेटीत ठेवलेली असायची. तालुक्या-तालुक्यांतून, अगदी धुळ्याच्या बाजूनंही यायची. त्यांच्याकडून आमच्या लॅबला एका बाळाच्या रक्ताचा नमुना आला. त्यात क्लेबसिएला उगवला. जवळजवळ सगळ्या चकत्यांना भिडलेला. ते बाळ गेलं. मग दुसऱ्याचा नमुना आला, त्यातही क्लेबसिएला, तसाच. पण तोवर आम्हाला कोलिस्टिन नावाचं एक जुनं औषध त्याला चालतं हे कळलं होतं. मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून हे औषध एकेकाळी बाजूला पडलं होतं. ते दिलं आणि दुसरं बाळ वाचलं.

तिसरं बाळ भडगावच्या मनीषाचं. मनीषा बारावी झालेली, अंगानं बारीक पोरगी. नवरा सुरतेला कपड्याच्या कारखान्यात, म्हणून सोबत सासू. सासूला सगळे सखूमाय म्हणायचे. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी राहिलेलं हे बाळ, तेही घाईनं आलेलं. जन्मल्यावर काही दिवस ठीक होतं, मग एकाएकी दूध ओकायला लागलं, अंग गार पडलं. रक्त आमच्याकडे आलं. या वेळी प्लेटवर क्लेबसिएला नव्हता. इ. कोलाय होता.

डॉक्टरांनी त्याचा जो अर्थ लावला, तो कुणीही लावला असता. आधीचे दोन क्लेबसिएला म्हणजे एक प्रकरण. हा इ. कोलाय म्हणजे निराळं. बाळंतपणात आईच्या अंगावरचा इ. कोलाय बाळाला लागतो, हे पुस्तकात असतंच. त्यांनी तसं सासूला सांगितलं आणि खबरदारी म्हणून आईचं दूध बंद केलं. आईला बाळाच्या खोलीत यायलाही मनाई केली.

मी नमुन्याच्या चौकशीसाठी तिथे गेले, तेव्हा मनीषा बाहेरच्या ओट्यावर बसली होती. दूध दाटून छाती दगडासारखी झालेली. ती बाथरूममध्ये जाऊन ते पिळून टाकायची आणि परत येऊन बसायची. सखूमाय येणाऱ्या-जाणाऱ्याला अहिराणीत ऐकवत होती, हे सगळं सुनेच्याच पोटातून आलं म्हणून, "आम्हना घरमा असं कोनले झायं नही. हाई बठ्ठं हिनाच पोटमाईन उनं. डॉक्टरनीच सांगं."

मनीषा एक शब्द बोलली नाही. मला फार राग आला. सासूचा आला, डॉक्टरांचा आला आणि त्या इ. कोलायचाही आला.

लॅबमध्ये येऊन मी तिसऱ्या बाळाची प्लेट आणि आधीच्या दोघांच्या नोंदी शेजारी शेजारी घेतल्या. औषधांना दाद न देण्याची तऱ्हा तीच होती. त्यातही एक गोष्ट डोळ्यांत खुपली. क्लोरॅम्फेनिकॉल. हे औषध त्या रुग्णालयात कुणी कित्येक वर्षांत वापरलं नव्हतं, तरी तिन्ही जंतू त्याला सारखेच निर्ढावलेले. दोन वेगळ्या जातींचे जंतू आणि खोड मात्र एकच, तीही अशी जुनाट. योगायोग म्हणावा तर फारच सोयीचा योगायोग होता.

मी डॉक्टरांना फोन केला.

"कोलिस्टिन चालू करा. आजच."

"त्याची चकती लावली का तुम्ही?"

"त्याला चकती चालत नाही डॉक्टर. ते औषध जेलीत नीट पसरत नाही, रिंगण खोटं दिसतं. नळ्यांमध्ये पातळ करत करत बघावं लागतं. त्याला उद्यापर्यंत वेळ लागेल."

"मग आज कशाच्या जोरावर देऊ? हा इ. कोलाय आहे, तो क्लेबसिएला होता."

"जंतू वेगळा आहे, कडी तीच आहे. त्या कडीवर कोलिस्टिनची कृती नाही, हे आधीच्या दोघांवरून माहीत आहे."

त्यांनी तिन्ही रिपोर्ट माझ्याकडून परत वाचून घेतले. मग म्हणाले, "बागुल मॅडम, तुमच्या प्लेटांमध्ये सरमिसळ झाली नाही ना?"

हा प्रश्न लॅबवाल्याला आईवरून शिवी दिल्यासारखा लागतो. पण तो विचारणं त्यांचं कामच होतं. "नाही," मी म्हटलं, "आणि मी ते सिद्ध करून देते. पण तोवर बाळ थांबणार नाही." त्यांनी औषध चालू केलं. दुसऱ्या दिवशी नळ्यांनी माझ्या बाजूनं कौल दिला, आणि मी जेवायला बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं की आदल्या दिवशी मी जेवलेच नव्हते.

बाळाला औषध सुरू झालं, पण प्रश्न सुटला नव्हता. बाळाचा निर्ढावलेला इ. कोलाय तसाच्या तसा आईकडून आला असं डॉक्टर समजत राहिले, तर खोलीतली त्या कडीची मूळ जागा कुणी शोधणार नाही आणि चौथं बाळ रांगेत उभंच होतं. खोली काही दिवस बंद करून तपासा, असं मी सुचवलं तर डॉक्टर म्हणाले, "बंद केली तर ही बाळं धुळ्याला नाहीतर नाशिकला पाठवावी लागतील. त्यातलं एखादं रस्त्यातच जाईल. नुसत्या तुमच्या अंदाजावर मी तो धोका घेऊ?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

मग मी मनीषाकडे गेले आणि तिच्या शौचाचा नमुना मागितला. सखूमाय मध्ये पडली. आता सुनेची आणखी काय शोभा करणार, असं तिला वाटलं असावं. मी मनीषालाच सांगितलं, "तुझ्या अंगावरच्या जंतूनं हे केलं का, ते मला बघायचंय. केलं असेल तर तसं सांगेन. नसेल तर तेही सगळ्यांसमोर सांगेन."

ती पहिल्यांदा बोलली. "केलं असेल तरी मला सांगा. पण खरं सांगा."

तिच्या आतड्यातला इ. कोलाय प्लेटवर उगवला. चकत्या लावल्या. प्रत्येक चकतीभोवती मोठं, स्वच्छ रिंगण. साध्यातल्या साध्या औषधालाही मान टाकणारा, अगदी गरीब गाय. असा जंतू आजकाल शहरात बघायला मिळत नाही. मी आमच्या लॅबमधल्या मुलींना बोलावून दाखवला. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचं चाललं होतं.

पण एवढ्यानं डॉक्टरांचं समाधान होणार नव्हतं. ते म्हणाले असते, आईच्या अंगावर दोन प्रकारचे इ. कोलाय असतील, तुम्हाला त्यातला गरीब सापडला. म्हणून मी कॉलेजात केलेला एक जुना प्रयोग परत केला. आमच्या दरपत्रकात तो नव्हता आणि लॅबच्या मालकांनी मान हलवून, भुवया उंचावून परवानगी दिली. एका नळीत मनीषाचा गरीब इ. कोलाय आणि पहिल्या बाळाचा, जपून ठेवलेला क्लेबसिएला, दोघांना एकत्र सोडलं. उबेच्या पेटीत त्यांचा संसार एक दिवस होऊ दिला. मग त्यातला थेंब अशा प्लेटवर पसरला जिच्या जेलीतच औषध मिसळलेलं होतं. मनीषाचा इ. कोलाय एकटा तिथे उगवूच शकत नाही, हे शेजारच्या प्लेटवर तपासून ठेवलं.

ही प्लेट अशा रंगाची असते की तिच्यावर क्लेबसिएला गुलाबी, बुळबुळीत दिसतो आणि इ. कोलायला मात्र हिरवी धातूची चमक येते, शेणकिड्याच्या पाठीला असते तशी. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. सगळीकडे बुळबुळीत गुलाबी ठिपके, आणि त्यांच्यामध्ये विखुरलेले हिरवे, चमकणारे.

मनीषाच्या जंतूनं माझ्या नळीत बसून एका दिवसात सगळी विद्या शिकून घेतली होती. त्या हिरव्या ठिपक्यावर चकत्या लावल्या. बाळाच्या रक्तात सापडलेल्या जंतूची हुबेहूब तऱ्हा निघाली, क्लोरॅम्फेनिकॉलसकट.

चिकटपट्टीनं बंद केलेल्या प्लेटा घेऊन मी रुग्णालयात गेले. डॉक्टरांना बाहेर ओट्यापाशी बोलावलं, कारण जे सांगायचं ते मनीषा आणि सखूमाय यांच्यासमोरच सांगायचं होतं. डॉक्टरांना फार सांगावं लागलं नाही. त्यांनी प्लेट उजेडात धरली, तिरपी केली, परत सरळ केली. सखूमायला कसं सांगावं हा प्रश्न होता.

"माय," मी म्हटलं, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं म्हणतात ना? तुमच्या सुनेचा जंतू हा इकडचा, बघा. गरीब. जन्मताना त्यातलाच बाळाच्या पोटात गेला. तो सगळ्यांच्याच पोटात जातो, आणि जायलाच हवा. तिथे त्याच्याशेजारी दुसरा एक द्वाड जंतू येऊन बसला. त्याचा गुण याला लागला."

सखूमायनं प्लेटकडे बघितलं, मग सुनेकडे. "मंग कोना गुण लागना?"

"इथला," मी म्हटलं. "या दवाखान्यातला."

डॉक्टर तिथेच उभे होते. त्यांनी मान खाली घातली नाही की माझ्यावर आवाज चढवला नाही. मनीषाला म्हणाले, "तुमच्याबद्दल मी चुकीचं सांगितलं. उद्यापासून दूध परत सुरू करू. तुम्ही आत या." मनीषानं पदर तोंडावर घेतला. सखूमाय उठली आणि तिनं सुनेला पाणी आणून दिलं. भडगावच्या सासूकडून त्याहून जास्त अपेक्षा करायची नसते.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "कुठून येतोय तो?"

त्यांनी नव्या बाळांना घेणं थांबवलं आणि आम्ही खोली तपासायला घेतली. नळाची तोंडं, काचपेट्यांची दारं, सगळ्यांचे हात, साबणाच्या बाटल्या. प्लेटांवर इकडचं तिकडचं काहीबाही उगवलं, हवा तो जंतू नाही. डॉक्टरांना वाटायला लागलं की आपण भुताच्या मागे लागलोय. मी म्हटलं, मी खोलीत येऊन नुसती बसते. त्यांनी मला चप्पल-झगा-टोपी दिली आणि मी एका कोपऱ्यात स्टुलावर बसून राहिले, सकाळपासून.

त्या खोलीचं सगळं बघणाऱ्या आया म्हणजे सिंधूअक्का. वर्षानुवर्षं तिथेच. हात इतके स्वच्छ की नखं पांढरी पडलेली. बाळांना दूध बोंडल्यानं पाजायचे. बोंडलं म्हणजे चोच असलेली छोटी वाटी, आपल्याकडे घरोघर असते ती. दूध पाजून झालं की अक्का बोंडलं घासायच्या, उकळत्या पाण्यातून काढायच्या आणि एका मोठ्या स्टीलच्या टबात बुडवून ठेवायच्या. टबात जंतुनाशक औषधाचं पाणी. हे सगळं नियमाप्रमाणे होतं. नियम असाही होता, की टबातलं पाणी रोज ओतून द्यायचं, टब कोरडा करायचा आणि नवं पाणी करायचं.

सकाळी अक्कांनी टबाजवळ जाऊन पाहिलं. पाणी थोडं उतरलं होतं. त्यांनी तांब्यानं वर पाणी घातलं, अंदाजानं औषधाची धार सोडली आणि हात पुसले.

"अक्का, आधीचं पाणी फेकलं नाही?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "जंतू मारानं पानी शे ते, बाई. तेच कसं खराब व्हई?"

आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो. उन्हाळ्यात तर बघायलाच नको. तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला, कपडे धुतलेलं फरशीला, आणि भरलेलं भांडं रिकामं करायचं म्हणजे पाप. या मुलखात वाढलेल्या माणसाचा हात पाणी ओतायला उठतच नाही. अक्का पुढे म्हणाल्या, "आठ आठ दिन पानी येत नही. भरेल टब कोन फेकी दी?" त्यांच्यानंतर पाळीवर येणाऱ्या दोघीही तेच करत होत्या. अक्कांनीच शिकवलेलं, काटकसरीचं, चांगल्या घरातलं वळण.

पण त्या औषधाची ताकद ठरलेली असते. बोंडल्याच्या चोचीत दुधाचा अंश राहतो, तो पाण्यात उतरतो आणि औषध त्या दुधावरच खर्च होऊन जातं. रोज वर भर घालत गेलं, की उरतं ते दुधाळ, कोमट, किंचित औषधी पाणी. जगायला शिकलेल्या जंतूला याहून चांगलं घर कुठलं? टबाच्या तळाशी हात घातला तर बोटांना बुळबुळ लागली. मी नमुना घेतला. प्लेटवर क्लेबसिएला उगवला, गुलाबी, लाळेसारखा लांबणारा, आणि तऱ्हा तीच.

रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला लगेच सिंधूअक्कांना काढून टाकायचं होतं. तसं केलं की प्रकरण मिटल्यासारखं वाटतं. माझ्या अहवालात त्यांचं नाव घालावं असं मला सुचवलं गेलं. मी सांगितलं, "मी जंतू ओळखते, माणसं नाही. टबाचं नाव घालते." डॉक्टरांनी माझी बाजू घेतली. टब काढून टाकला. प्रत्येक बाळाचं बोंडलं वेगळं केलं, ते उकळायचं आणि उपडं घालून कोरडं ठेवायचं. कोरड्या भांड्यात असा जंतू सहसा टिकत नाही. सिंधूअक्का कित्येक दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पहिल्या बाळाचं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. मलाही त्याचं दुःख अजून आहे. एवढी मोठी औषधं हरली आणि काम होतं एक भांडं उपडं घालण्याचं.

नवीन बाळांना लागण झाली नाही. मनीषाचं बाळ हळूहळू सावरलं. तिच्याच दुधावर वजन धरायला लागलं. सखूमाय आता येणाऱ्या-जाणाऱ्याला वेगळं ऐकवायची, की आमच्या सुनेचा जंतू कसा गरीब आहे. एकदा मी तिथे असताना तिनं मनीषाला हाक मारली, "चाल वं, पोऱ्याले भूक लागनी व्हई," आणि स्वतः बाजूला सरकून तिला खुर्ची दिली.

घरी पाठवायच्या आधी मी बाळाच्या शौचाचा नमुना घेतला. बाळ ठणठणीत होतं, रक्त स्वच्छ होतं. पण आतड्यात तो हिरव्या चमकेचा जंतू होताच, कडीसकट.

मी हे सांगायला गेले तेव्हा दोघी सामान बांधत होत्या. सखूमायनं विचारलं, "गयं का ते बठ्ठं?"

हो म्हणणं सोपं होतं. त्या दोघींनी जे भोगलं त्यानंतर तर फारच सोपं. पण मनीषानं मला खरं सांगायला सांगितलं होतं.

"आजार गेला," मी म्हटलं. "जंतू आहे. पोटात गप्प बसलाय."

मनीषाच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "मग आता काय करायचं?"

"काहीच नाही. त्याला मारायला औषध द्यायचं नाही, कारण औषधानं साधे जंतू मरतात आणि हाच उरतो. ती कडी सांभाळणं हेही त्याला ओझंच असतं. औषध मिळालं नाही, की साधे जंतू त्याला हळूहळू मागे रेटतात. किती दिवसांत, ते मला सांगता येत नाही. रेटतीलच असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मात्र उगाच एक जरी गोळी दिली, तर तोच राजा होईल. खरंच गरज पडली तर डॉक्टरांना आधी हे सगळं सांगायचं."

"म्हणजे सर्दी-खोकल्याला सुई नाही."

"नाही."

"आणि जो कुणी देईल त्याच्याशी भांडायचं."

"भांडायचं."

ती पोर भांडली. गावातल्या डॉक्टरांशी भांडली, सुरतेहून सुट्टीवर आलेल्या, पोराला ताप बघून घाबरलेल्या नवऱ्याशी भांडली, जत्रेत पोराचं पोट बिघडलं तेव्हा खिशातून गोळी काढणाऱ्या मामाशी भांडली. सखूमाय तिच्या बाजूनं उभी राहायची, असं मला कळलं. एकदा पोराला खरोखर निमोनिया झाला, तेव्हा तिनंच रात्र न घालवता जळगाव गाठलं, डॉक्टरांपुढे सगळा इतिहास मांडला आणि लागतं ते औषध वेळेवर घेतलं. त्या वेळी तिनं वाद घातला नाही. कुठे अडवायचं आणि कुठे धावायचं, हे तिला कळलं होतं.

दरवर्षी ती पोराच्या शौचाचा नमुना डबीत घालून मला पाठवते. मी निवृत्त झाले तरी लॅबवाले मला एवढ्यापुरतं टेबल देतात. पहिली काही वर्षं प्लेटवर ते हिरवे ठिपके यायचे, औषधाच्या जेलीवर, दिमाखात. मग कमी झाले. यंदाच्या नमुन्यात औषधाच्या प्लेटवर काहीच उगवलं नाही. मी परत लावून पाहिला. परतही नाही. साध्या प्लेटवर मात्र इ. कोलाय भरपूर, आणि सगळ्या चकत्यांभोवती मोठी रिंगणं.

मी फोन केला. पोरगा अंगणवाडीतून नुकताच घरी आला होता, मागे त्याचा आरडाओरडा चालला होता.

"दिसले नाहीत," मी म्हटलं.

"म्हणजे गेले का मॅडम?"

"म्हणजे दिसले नाहीत. लपून थोडे असतील तर माझ्या प्लेटला कळत नाही."

मला वाटलं ती निराश होईल. मला स्वतःलाच ते शब्द जड जात होते. पण ती शांतपणे म्हणाली, "मग पुढच्या वर्षीही डबी पाठवते," आणि पोराला हात धुवायला बोलवायला गेली.